कोकण बोटीच्या आठवणींतला 'कोणीतरी'

कोकणच्या बोटीवर लिहिणाऱ्यांची मराठीत उणीव नाही. आत्मचरित्रांतली बालपणाची प्रकरणे, गावोगावच्या हायस्कुलांच्या स्मरणिका, ज्ञातिसंस्थांची मासिके, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या आणि अर्थातच दिवाळी अंक, या सगळ्या ठिकाणी ही बोट अजून वेळापत्रकाप्रमाणे सुटते. प्रत्यक्ष समुद्रावरून ती नाहीशी होऊन तीन दशकांहून अधिक काळ लोटला. मुंबई-गोवा मार्गावरची नियमित प्रवासी वाहतूक ऐंशीचे दशक सरता सरता थांबली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाल्यावर ती पुन्हा हवी असे म्हणण्याचे निकडीचे कारणही उरले नाही. तरी चंपावती, चंद्रावती, रोहिदास, सेंट अँथनी ही आधीच्या पिढीतली आणि रोहिणी, सरिता, कोकण सेवक, कोकण शक्ती ही नंतरची नावे आजही एखाद्या मावशी-आत्याच्या नावासारखी घेतली जातात.

हे लेखन आपण वाचतो, गहिवरतो आणि पान उलटतो. त्याची समीक्षा करावी असे कोणाला वाटत नाही, कारण आठवणीला कोणी प्रश्न विचारत नसते. पण एकाच विषयावर, जवळजवळ एकाच क्रमाने, इतक्या जणांनी लिहिले असेल तर तो एक वाङ्मयप्रकार झाला असे धरून चालायला हवे. त्याला स्वतःचे संकेत आहेत, स्वतःची वाक्ये आहेत आणि स्वतःची मौनेही आहेत. या लेखात मला प्रामुख्याने त्या मौनांकडे बघायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: या आठवणींतले प्रेम खरे आहे, पण ते बोटीवरचे आहे. बोट चालवणारी, भरणारी आणि रिकामी करणारी माणसे त्यांतून गळून गेली आहेत, आणि त्या गळतीची किंमत आपण आजही मोजतो आहोत.

आधी बोट कशासाठी होती ते पाहू. नकाशावर कोकण ही सलग किनारपट्टी दिसते. चालून पाहणाऱ्याला ती तशी कधीच नव्हती. सावित्रीची बाणकोटची खाडी, वाशिष्ठीची दाभोळची, शास्त्रीची जयगडची, काजळीची भाट्याची, मुचकुंदीची पूर्णगडची, वाघोटणची विजयदुर्गची, पुढे कर्ली आणि तेरेखोल. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये दर थोड्या अंतरावर आडवी खाडी. खाड्यांवर पूल नव्हते तेव्हा दोन खाड्यांमधला प्रत्येक तुकडा व्यवहारात एक बेटच होता. समोरच्या काठावरचे गाव डोळ्यांना दिसे, पण रस्त्याने तिथे पोचायला अर्धा दिवस जाई. मुंबई तर मुळातच बेट. तेव्हा कोकणची बोट ही एका बेटावरून निघून बेटांच्या माळेला शिवत जाणारी वाहतूक होती. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, पणजी ही बंदरांची यादी आठवण लिहिणारा माणूस अजून एका दमात म्हणतो, ते उगाच नाही. त्या यादीखेरीज कोकण एकत्र जोडणारे दुसरे काही फारसे नव्हते.

आता या प्रकारातल्या लेखाची ठरलेली वाटचाल बघा. सुरुवात भाऊच्या धक्क्यावर. ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या, पोहोचवायला आलेली निम्मी चाळ. मग डेकवर जागा धरण्यासाठी उडालेली धांदल, सतरंजी पसरून आखलेली कुटुंबाची हद्द. भोंगा. मुंबईचे दिवे मागे पडणे. मग 'बोट लागणे' आणि त्यावरचे लिंबू, आवळकाठी, आले. रात्री कुठल्याशा बंदरावर गलका, पाण्यावर हलणारे कंदील. पहाटे ओळखीचा डोंगर किंवा दीपगृह. मग शिडी, खाली हिंदकळणारा पडाव, आणि शेवटी किनाऱ्यावर उभे असलेले आजोबा.

या क्रमात खोटे काही नाही. उलट त्यातले तपशील इतक्या जणांच्या लेखनात इतके जुळतात की साक्ष म्हणून त्यांना वजन येते. भाषाही चोख आहे. 'बोट लागली' या दोन शब्दांचे दोन अर्थ, बोट बंदराला लागली आणि मला बोट लागली, हे लेखक फार मजेने खेळवतात. एकाच प्रवासाची सुटका आणि यातना एकाच क्रियापदात बसवणे ही मराठीची करामत त्यांनी नेमकी हेरली आहे. वासांच्या बाबतीत तर हे लेखन आपल्या कथा-कादंबऱ्यांपेक्षा सरस आहे. कोळसा, तेल, सुकी मासळी, आंब्याच्या पेट्यांतले गवत आणि ओकारी यांचा एकत्र वास ज्याने घेतला त्यालाच तो लिहिता येतो.

पण याच क्रमात एक जागा अशी आहे जिथे जवळजवळ प्रत्येक लेखकाची भाषा बदलते. ती जागा म्हणजे शिडी आणि पडाव यांच्यामधले हातभर अंतर.

बहुतेक बंदरांत मोठ्या बोटीला धक्क्याला लागता येत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, सामान, टपाल पडावांतून किनाऱ्यावर जाई. मालवणसारख्या ठिकाणी खडकांमुळे, हर्णैसारख्या ठिकाणी बंदर उघडे असल्यामुळे हे काम अधिकच नाजूक होते. लाट पडावाला वर आणते तो क्षण साधून माणूस उतरवायचा; क्षण चुकला तर पाय शिडी आणि पडाव यांच्यामध्ये. लहान मुले, गरोदर बाया, म्हातारी माणसे, नऊवारीत अवघडलेल्या आज्या, या सगळ्यांना कोणीतरी धरून, उचलून, कधी अक्षरशः झेलून घ्यावे लागे. ओहोटी असेल तर पडाव रेतीला टेकल्यावर पुन्हा खांद्यावरून किनाऱ्यावर.

आणि इथे वाक्य येते ते असे: कोणीतरी मला उचलले आणि पडावात ठेवले. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण कर्ता तोच, 'कोणीतरी'. काही ठिकाणी तर कर्ताही नसतो. 'आम्हांला उतरवण्यात आले' एवढेच. गेली काही वर्षे मी अशा आठवणी मिळतील तिथून गोळा करून वाचतो आहे. त्यांत बोटीचे नाव असते, तिचा रंग असतो, डब्यातल्या तांदळाच्या भाकरीसोबत कोणती चटणी होती तेही असते. ज्याच्या हातात लेखकाचा जीव काही सेकंद होता त्याला मात्र नाव नसते, चेहरा नसतो, बहुधा शब्दही नसतो. फार तर 'काळाकभिन्न' हे एक विशेषण आणि कमरेचे फडके.

हा विसराळूपणा वयाचा आहे असे म्हणता येईल. सहा-सात वर्षांच्या मुलाला नाव कुठून कळणार? ते खरेच. पण त्याच मुलाला आजोबांच्या गड्याचे नाव आठवते, बैलगाडीवाल्याचे आठवते, शाळेतल्या शिपायाचेही आठवते. ती माणसे गावच्या चौकटीतली होती. पडाववाले गाबीत, दालदी, खारवी, भंडारी आणि कोकणी मुसलमान होते. लेखक ज्या घरांतून आले त्या घरांच्या ओटीपर्यंत त्यांच्यातल्या फार थोड्यांची ये-जा होती. म्हणजे 'कोणीतरी' हा शब्द बालपणाने दिलेला नाही. तो गावाच्या मांडणीतून आला आहे आणि पन्नास वर्षांनी लिहितानाही तसाच उतरला आहे. तांडेल, सारंग, सुकाणू हे शब्द या लेखांत सढळ हाताने येतात. ते शब्द वापरणारी माणसे येत नाहीत.

दुसरी गाळणी आहे ऋतूची. मुंबईहून गोव्याकडे जाणारी लांब पल्ल्याची बोट मेच्या अखेरीस बंद होई आणि पावसाळा ओसरल्यावर पुन्हा सुरू होई. त्यामुळे बोटीचे खरे हंगाम दोन: शिमगा आणि मे महिना. तरीही बऱ्याच लेखांत बोट गणपतीला जोडलेली आढळते. गणपती सप्टेंबरात उशिरा आले त्या एखाद्या वर्षी ते जुळतही असेल. ऑगस्टातल्या गणपतीला मात्र चाकरमानी घाट उतरून, गाड्या बदलत, चिखल तुडवत गावी जात होता. १९४८ नंतर त्या वाटेवर एसटी आली. आठवणीत हा खडतर प्रवास पुसला जातो आणि सण आपसूक बोटीवर चढतो. अशा वेळी वर्ष नमूद असेल तर जुने पंचांग उघडून बघावे, एवढी साधी तपासणीही आपण करत नाही.

ऋतूची ही गाळणी महत्त्वाची अशासाठी की तिच्यातून 'आम्ही' कोण ते ठरते. मे महिन्यात सुट्टीला जाणारी शाळकरी मुले हा या लेखनाचा 'आम्ही' आहे. त्याच बोटीत मुंबईच्या गिरण्यांत राबणारा रत्नागिरी जिल्ह्यातला कामगार होता. तो सुट्टीला नेहमीच जात नव्हता. कधी आजारपण घेऊन, कधी संप लांबला म्हणून, कधी मर्तिकाला जात होता. त्याची बायको गावी भात लावत होती आणि त्याच्या मनिऑर्डरीची वाट पाहत होती. तिने बोट पाहिली ती मुख्यतः किनाऱ्यावरून. नवरा येतो आहे का, हे बघण्यासाठी. तिच्या नजरेतून लिहिलेली कोकण बोट आपल्या छापील वाङ्मयात शोधावी लागते. ज्यांना बोट ही मौज होती त्यांनी लिहिले. ज्यांना ती गरज होती त्यांनी मनिऑर्डरीच्या फॉर्मवर अंगठा केला.

बोट चालू होती तेव्हा तिच्याविषयीचा सूर इतका गोड नव्हता, याचा एक पुरावा तर नावातच आहे. परक्या व्यवस्थापनाच्या कंपनीला पर्याय म्हणून स्वदेशी वृत्तीच्या मंडळींनी जी सेवा काढली तिचे सुरुवातीचे नाव 'सुखकर बोट सेवा' होते असे सांगतात. 'सुखकर' हे नाव द्यावे लागते याचा अर्थ आधीचा प्रवास सुखाचा नव्हता. लोकांनी त्या कंपनीला 'माझी आगबोट कंपनी' म्हणायला सुरुवात केली, आणि तिच्या बोटींना जयंती, तुकाराम, रामदास, सेंट अँथनी, सेंट झेवियर अशी नावे होती. हिंदू आणि ख्रिस्ती संत एकाच ताफ्यात नांदवणारी ही कल्पना सुंदर होती. किनाऱ्यावरच्या उतारूंची तीत अचूक नोंद होती.

याच ताफ्याचा इतिहास आपल्याला अवघड प्रश्नाकडे नेतो. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी जयंती आणि तुकाराम या दोन्ही बोटी बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, आषाढ अमावास्येच्या सुमारास घरी निघालेल्या उतारूंना घेऊन रामदास बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे सुटली आणि तासाभराच्या आत काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बंदरातली ही जवळची फेरी भर पावसाळ्यातही चालू असे. लाट आदळली, पाणी आत आले, माणसे जीव वाचवायला एका अंगाला धावली आणि बोट कलंडली, असे वाचलेल्यांनी सांगितले. अपघात मुंबईपासून इतक्या जवळ झाला, तरी शहराला तो कळेपर्यंत दुपार उलटून गेली होती. रेवस बाजूच्या कोळ्यांनी मासळीने भरलेल्या आपल्या होड्या रिकाम्या करून बुडणाऱ्यांना वर घेतले. इथेही उचलून घेणारे हात तेच आहेत.

रामदासवर मराठीत लेखन झालेले आहे. पण ते वेगळ्या फळीवर ठेवलेले असते. एका फळीवर आठवणी, दुसऱ्या फळीवर दुर्घटना. एकीची सावली दुसरीवर पडू द्यायची नाही, असा जणू करार आहे. 'डेकवर मुंगीला शिरायला जागा नव्हती' हे वाक्य पहिल्या फळीवर मौजेचे असते आणि दुसऱ्या फळीवर मृत्यूचे कारण. वाक्य तेच. गर्दीही तीच. आपण ती दोन वेगवेगळ्या स्वरांत वाचायला शिकलो आहोत.

शेजारच्या गुजरातीत हे असे घडलेले नाही. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघालेली एक आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ शेकडो उतारूंसह नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. कागदोपत्री तिचे नाव 'वैतरणा', आपल्या ठाणे-पालघरकडच्या नदीचे. ती मुंबईच्या शेफर्ड कंपनीची होती. गुजराती लोकगीताने त्या बोटीला आणि कप्तान हाजी कासमला घराघरांत नेले. लग्नाला निघालेले वऱ्हाड, परीक्षेला निघालेली मुले, ठेवून आलेली माणसे, सगळी त्या गाण्याच्या परंपरेत आहेत. त्या भाषेत आगबोटीची लोकस्मृती म्हणजे प्रथम शोक. शोकात नावे घ्यावी लागतात, म्हणून कप्तानाचे नाव राहिले. आपल्या स्मृतीने आनंद निवडला. आनंदाला नावांची गरज पडत नाही, 'कोणीतरी' पुरतो. गुजराती रीत श्रेष्ठ आणि आपली हिणकस, असे मला म्हणायचे नाही. शोकगीतही पुष्कळ काही गाळते, दंतकथा करते. पण कप्तानाला हाक मारणारी भाषा आणि पडाववाल्याला 'कोणीतरी' म्हणणारी भाषा यांतला फरक नजरेआड करू नये.

सर्जनशील साहित्यानेही ही पोकळी भरून काढलेली नाही. जहाजावर घडणारी मराठीतली थोर कादंबरी म्हणजे विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९ ची. ते जहाज युरोपातून निघालेले आहे आणि त्यावर येऊ घातलेल्या महायुद्धाची छाया आहे. परक्या बोटीवर जगाचा इतिहास घडताना आपल्याला दिसला; भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीवर आपल्याला फक्त बालपण दिसले. वस्तुतः जात, वर्ग, धर्म, स्थलांतर, गिरण्या, गोव्याची सरहद्द हे सारे त्या डेकवर रात्रभर शेजारी शेजारी झोपत होते.

यावर एक आक्षेप मला ऐकू येतो, आणि तो रास्त आहे. म्हातारपणी कोणी चार सुखाच्या गोष्टी लिहितो, त्याच्यावर समाजशास्त्राचे ओझे कशाला? आठवण म्हणजे चौकशी आयोगाचा अहवाल नव्हे. मान्य. एकेका लेखाकडून माझी अशी अपेक्षाही नाही. पण शंभर लेख मिळून जे चित्र तयार होते ते खाजगी राहत नाही. ते कोकणच्या जलवाहतुकीचे सार्वजनिक चित्र बनते, आणि पुढे काय हवे ते लोक त्याच चित्रावरून ठरवतात.

गेल्या काही वर्षांतली उदाहरणे घ्या. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' ही क्रूझ सुरू झाली तेव्हा जुन्या बोटीची आठवण पुष्कळांनी काढली. ती होती मौजेची बोट. मधल्या बंदरांवर पोटासाठी चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसाचा तिच्याशी संबंध नव्हता. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली. सोय उत्तम आहे, पायी जाणाऱ्यालाही ती घेते, पण तिची सारी मांडणी चारचाकीभोवती आहे. याउलट २००३ पासून दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये चालणारी फेरीबोट, लोकांच्या तोंडची 'जंगलजेटी', ही खाडीने तोडलेली दोन बेटे रोज जोडते. तिच्यात आंब्याचा टेम्पो असतो, कॉलेजची मुले असतात, दवाखान्यात निघालेली माणसे असतात. आणि भाऊच्या धक्क्यावरून मोरा-रेवसकडे जाणाऱ्या साध्या लाँची तर रामदासच्या वाटेवरूनच अजून माणसे नेतात. कोळणी, भाजीवाले, नोकरदार असे रोजचे प्रवासी. त्यांच्यावर आठवणीचा लेख कोणी लिहीत नाही, कारण त्या अजून बंद पडलेल्या नाहीत. जिवंत बोटीत किती माणसे भरली, जीवरक्षक जाकिटे कुठे ठेवली आहेत, जेटीची पायरी शेवाळलेली का आहे, हे प्रश्न विचारायला मृत बोटीवरचे प्रेम आपल्याला प्रवृत्त करत नाही. खरे तर त्यानेच ते करायला हवे होते.

म्हणून या वाङ्मयप्रकाराकडे दोन मागण्या कराव्यात असे वाटते. पहिली लिहिणाऱ्यांकडे. बोटीत बसलेली शेवटची पिढी आज पन्नाशीच्या पुढे आहे आणि आधीची पिढी ऐंशी-नव्वदीत. लिहिताना 'कोणीतरी' हा शब्द आला की थांबावे आणि गावी एक फोन करावा. पडाव कोणाच्या घरचे होते, त्या घरातली मुले आज काय करतात, एका खेपेला काय मिळे, किती जण त्या कामात जायबंदी झाले, हे सांगणारी माणसे मालवणात, वेंगुर्ल्यात, हर्णैला, जयगडला अजून भेटतात. त्यांच्याकडे बोटीच्या आठवणी आहेत, पण त्या बहुधा गोड नाहीत, आणि बोट बंद झाली तेव्हा त्यांचा रोजगार कसा गेला ही हकिकत तर अजून लिहिलीच गेलेली नाही.

दुसरी मागणी संपादकांकडे आणि आपल्या वाचकांकडे. बोटीवरचा लेख आला की बोटीचे नाव, वर्ष, महिना आणि बंदर विचारून घ्यावे. चार ओळींच्या या नोंदीने लेखाची गोडी उणावत नाही आणि उद्याच्या अभ्यासकाला हाताशी काहीतरी मिळते. रामदासमध्ये गेलेल्यांची घरे रायगडातल्या ज्या गावांत आहेत तिथल्या स्मरणिकांत शाळेच्या इमारतीचा इतिहास पानेच्या पाने असतो. त्याच पानांत ही नावेही यायला हवीत.

बोटीवर प्रेम करावे, अवश्य करावे. त्या प्रेमाचा पत्ता मात्र थोडा दुरुस्त करून घ्यावा. शिडीच्या शेवटच्या पायरीवर ज्याने हात पुढे केला आणि आपण ज्याला न पाहता किनाऱ्याकडे, आजोबांकडे पाहिले, त्याचे नाव विचारण्याइतका वेळ अजून शिल्लक आहे. फार नाही, पण आहे.